पत्ता नसलेला नवस

१

दर अमावास्येच्या आदल्या दिवशी ललिताबाई देव घासायला काढत. नाशिकच्या हिरावाडीतल्या त्यांच्या घरात ही गोष्ट इतकी ठरलेली होती, की नाना, म्हणजे त्यांचे यजमान, कॅलेंडरकडे न बघता नुसत्या चिंचेच्या वासावरून तिथी सांगत. परातीत चिंचेचं पाणी. त्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, घंटा, कुलस्वामिनीचा टाक, सगळे अंघोळीला बसल्यासारखे. आणि तेवढा वेळ देवघर रिकामं. ओल्या फडक्याने पुसलेलं, नुसतं लाकूड.

वैशाखातल्या त्या दिवशीही दुपारचे बारा वाजत आले होते आणि देव परातीतच होते, तेवढ्यात फोन वाजला. अमितचा. अमित म्हणजे विहंगचा भागीदार. विहंग हा ललिताबाईंचा एकुलता एक. पुण्यातली चांगली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी तो कारवारच्याही खाली, कोडीबेळे नावाच्या गावात जाऊन राहिला होता आणि तिथे अमितबरोबर लोकांना समुद्रावर फळीवर उभं राहायला शिकवत होता. त्याला सर्फिंग म्हणतात हे ललिताबाईंना पाठ होतं, पण शेजारपाजारी त्या एवढंच सांगत की आमचा विहंग शिकवण्या घेतो.

अमितने सांगितलं ते थोडक्यात असं, की विहंग सकाळी पाण्यात गेला, फळी पायाला बांधायची दोरी तुटली असावी, फळी एकटीच किनाऱ्याला आली. दीड तास झाला. कोळ्यांच्या होड्या गेल्या आहेत शोधायला.

ललिताबाई ओल्या हातांनी देवघरासमोर जाऊन उभ्या राहिल्या. समोर कोणी नव्हतं. तीस वर्षांची व्रतं, सोमवार, गुरुवार, चतुर्थ्या, आणि नेमक्या त्या घडीला एकाही देवाचं नाव ओठांवर येईना. मग जे आलं ते त्या बोलून गेल्या.

"जी कोणी असशील ती. माझ्या विहंगला वर काढ. मी स्वतः तिथे येऊन तुझी ओटी भरीन. तुला परकी म्हणणार नाही, माझ्या घरात घेईन."

वीस मिनिटांनी अमितचा पुन्हा फोन आला. विहंग आला होता. स्वतःच्या पायांनी, चालत.

संध्याकाळी देव जागेवर बसवून त्यांनी एकेकाचं नाव घेऊन आभार मानले. नानांना नवसाचं सांगितलं. नानांची सगळी नोकरी पोस्टात गेलेली. ते म्हणाले, "म्हणजे पत्ताच लिहिला नाहीस. बिनपत्त्याचं पाकीट टाकलंस पेटीत."

"पोचलं ना पण," ललिताबाई म्हणाल्या.

"पोचलं. उघडलं कोणी, ते कळायला नको?"

दोघंही हसले. त्या दिवशी काहीही म्हटलं असतं तरी ते हसलेच असते.

२

नवस फेडायला उशीर करू नये हे त्यांना ठाऊक होतं. पण लगेच पावसाळा लागला, मग चातुर्मासाचे नेम, त्यातच नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. निघायला कार्तिक उजाडला. नानांचा डोळा अजून पाणी गाळत होता, म्हणून त्या एकट्याच निघाल्या. जन्मात पहिल्यांदा इतक्या लांब एकट्या. पिशवीत ओटीचं सामान होतं: तांदूळ, खण, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका आणि शेंडीचा नारळ.

वाटेत त्यांना सगळी माणसं चांगलीच भेटली. पनवेलला एका मुलीने आपणहून खालचा बर्थ दिला. समोरच्या कुटुंबाने उपासाला चालतं का विचारून केळी पुढे केली. ललिताबाई प्रत्येक वेळी मनात हात जोडत. मुलगा जिवंत आहे आणि आपण त्याला बघायला चाललो आहोत, यापुढे जगातलं सगळंच त्यांना वरकड वाटत होतं.

स्टेशनवर विहंग उभा होता. उन्हाने रापलेला, केस वाढलेले, जरा बारीक झालेला. त्याने वाकून नमस्कार केला. दोन्ही पावलांना, नीट, तीन वेळा. मग पिशवी घेत म्हणाला, "अहो आई, दमलात का?"

ललिताबाईंना हसू आलं. घरात तो 'ए आई' म्हणायचा. चिडला की 'आई गं, पुरे'. 'अहो आई' त्या स्वतः म्हणत आल्या होत्या बावीस वर्षं, त्यांच्या सासूबाईंना. तसं फक्त सून म्हणते. त्यांना वाटलं, चेष्टा करतोय पोरगा.

पण गावापर्यंत स्कूटरवरून जाताना तो आणखी दोनदा तसंच म्हणाला. धरून बसा, अहो आई. ऊन लागतंय का तुम्हाला, अहो आई. दिवसभर हिंदीत 'आप आप' करावं लागत असेल, तीच सवय जिभेला लागली असणार, असा त्यांनी अर्थ लावला आणि तो त्यांना पुरला.

कोडीबेळे बघून त्या मात्र थक्कच झाल्या. अकरा वाजले तरी गावाला जाग नव्हती. कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपलेली, आणि स्कूटरवालेच त्यांना वळसा घालून जात होते. कुडाच्या भिंतींना रंगीत फळ्या टेकवून ठेवलेल्या. झोळ्यांमध्ये गोरी माणसं पुस्तक तोंडावर पालथं घालून पडलेली. कोणाच्याच पायात चप्पल नाही. दंडावर गणपती गोंदवलेल्या एका दाढीवाल्याने त्यांना हात जोडून 'नमस्ते अम्मा' म्हटलं. इथे कोणी कोणाला घाई करत नाही, हे बघून त्यांना बरंच वाटलं. नाशिकला त्यांचा दिवस दूधवाल्याच्या घंटीपासून पळायला लागे.

अमित कुठे दिसला नाही. विचारलं तर विहंग म्हणाला की तो जूनमध्येच पुण्याला परत गेला, भागीदारी सोडून. का, ते त्याने सांगितलं नाही.

३

विहंगचं घर म्हणजे माडांच्या सावलीत दोन खोल्या आणि मागे स्वयंपाकघर. पडवीतून समुद्र दिसे. पुण्यात असताना या मुलाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. चहाचे कप खिडकीत वाळत पडलेले. तीच तयारी ठेवून त्या आत शिरल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

घर लखलखीत होतं. जमीन ओल्या फडक्याने पुसलेली, अजून दमट. पातेली उतरत्या क्रमाने पालथी. पाण्याच्या कळशीवर झाकण, झाकणावर फुलपात्र. मिठाची बरणी डाव्या हाताला, तिखटाची तिच्यामागे. आणि ताटाळ्यात ताटं दोन होती, दोन्ही नुकतीच धुतलेली.

आता ललिताबाईंच्या डोक्यात उजेड पडला. घरात मुलगी आहे. आई येणार म्हणून चार दिवस कुठे तरी राहायला गेली असणार. ती आपल्याविषयी बोलताना 'अहो आई' म्हणत असेल, आणि ऐकून ऐकून यालाही तेच लागलं. किती सोपं होतं. त्या रागावल्या नाहीत. उलट त्यांना गहिवरून आलं. पाण्यातून परत आलेल्या पोराने कोणाशी संसार मांडला असेल, तर ती कुठल्याही जातीची, कुठल्याही देशाची असू दे, घर तर नीट ठेवते आहे.

जेवताना त्यांनी आडून विचारलं, स्वयंपाकघर कोण आवरतं रे?

"आवरलेलं असतं," विहंग म्हणाला.

त्याने निम्मंच जेवण केलं. उरलेलं ताट तसंच झाकून कोपऱ्यात सरकवलं. आपल्याला तोंडाने सांगायला लाजतोय, असं समजून त्या गप्प राहिल्या. मग त्यांनी हळूच घर धुंडाळलं. वाईट हेतूने नाही, आई म्हणून. दात घासायचा ब्रश एकच होता. कपडे सगळे विहंगचे. कंगव्यात लांब केस नाही, आरशाला टिकली चिकटलेली नाही. मुलगी फार टापटिपीची असावी.

मागच्या कोपऱ्यातलं ताट त्या उचलायला गेल्या तेव्हा ते रिकामं होतं, धुऊन पालथं घातलेलं. विहंग तोवर पडवीत झोपला होता.

४

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. विहंग शिकवणीला पाण्यात गेला, आणि ललिताबाई पडवीत जपमाळ घेऊन बसल्या. इथून त्यांना तो दिसत होता. नारिंगी बनियन, लाटांच्या पलीकडे फळीवर बसलेला. शिकणारे अलीकडे कमरेएवढ्या पाण्यात धडपडत होते, हसत होते. तो एकटा त्यांच्यापासून लांब, तोंड आत खोल समुद्राकडे. त्या एक माळ ओढत आणि मान वर करून त्याला बघत. पुन्हा माळ, पुन्हा तो. प्रत्येक वेळी तो थोडा आणखी आत गेलेला वाटे. लाटेमुळे तसं वाटत असेल.

तिसऱ्या माळेला मागे स्वयंपाकघरात तांब्या ठेवल्याचा आवाज आला. तळ आधी टेकवून मग अलगद सोडल्यासारखा. मग पाणी ओतल्याचा. मग गॅस पेटवल्याचा.

आली बाई, असं त्यांच्या मनात आलं. त्या खुशीने उठणार होत्या, पण नवीन मुलगी बावरेल म्हणून बसूनच हाक मारली, "कोण आहे?"

"आले हं, अहो आई."

आवाज विहंगचा होता.

त्यात चूक होण्यासारखं काही नव्हतं. सत्तावीस वर्षं ऐकलेला आवाज. थोडा घोगरा, शेवटचं अक्षर ओढणारा. विहंगच म्हणाला, 'आले'. 'आलो' नव्हे.

ललिताबाईंनी समुद्राकडे पाहिलं. नारिंगी बनियन तिथेच होतं, पाठमोरं.

माणसाचं मन अशा वेळी किती झटपट हिशेब जुळवतं. बनियन दुसऱ्या कोणाचं असेल. फोनवर त्याचा आवाज साठवून ठेवला असेल, आजकाल तसलं काही असतं. आपण ऐकलंच चुकीचं, वय झालं. त्या उठल्या. खोलीतून जाताना जमीन ओली लागली, गार, आणि पायाच्या तळव्याला बारीक वाळू चिकटली.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मागचं दार आतून लावलेलं. ओट्यावर कपभर चहा वाफाळत होता, बशीने अर्धा झाकलेला. त्यांनी एक घोट घेतला. गवती चहा, आलं, साखर अगदी नावाला. त्यांना लागतो तसा. विहंगला त्यांच्या चहातली साखर कधीच कळली नव्हती. जन्मभर त्याने त्यांना पाक करूनच पाजला.

कप तिथेच ठेवून पडवीत पळून जावं, असं एकदा मनात आलं. पण कोणी आपल्यासाठी केलेलं टाकायचं कसं? त्यांनी चहा उभ्याउभ्या संपवला. मग कप विसळला आणि रिकाम्या खोलीला म्हणाल्या, "छान झालाय हो." तसं बोलल्याशिवाय त्यांना तिथून निघताच येईना.

५

मागच्या आवारात माडाची झापं गोळा करणारी बाई त्यांना दुपारी भेटली. भागीबाई. सुरगाण्याकडची निघाली. मुलगा-सून बांधकामाच्या कामाला इथे आले, तेव्हा तीही आली आणि आता तीन-चार घरांची झाडलोट करत होती. नाशिकचं नाव काढताच तिने झापं टाकली आणि पदराला हात पुसत पायरीवर येऊन बसली. दोघी आधी तिकडच्या थंडीबद्दल बोलल्या, मग इथल्या भाताबद्दल. इथला भात घशाखाली उतरत नाय, असं तिचं म्हणणं. ललिताबाईंनी तिला राजगिऱ्याचा लाडू दिला. मग विचारलं, विहंगच्या घराची झाडलोट पण तूच करतेस का?

भागीबाईने मान हलवली. आवार झाडते, म्हणाली. घर झाडायला लागत नाय. झाडलेलंच असतं.

थोडा वेळ ती लाडू खात राहिली. मग आपणहून बोलली.

"म्या व्हते त्या दिशी, मावशी. समदं गाव व्हतं. तुमचा पोर पान्यातून निघाला. चालत. पन त्याचा एक हात मागं व्हता. आपुन नव्या नवरीला कसं धरून आनतो, तसा. मंग चार पावलं झाली की थांबायचा, मागं बघायचा, मंग पुढं. मला वाटलं मागं कोनी हाय."

"मग?"

"मागं नुसतं पानी. त्यो अमित व्हता ना, त्यो धावत गेला, मिठी मारली. आनि लगीच सोडली. मंग त्यो त्याच्या जवळ नाय गेला कधी."

ललिताबाईंनी विचारलं, काय वाटतं तुला, वाईट आहे का ते? भागीबाईने बराच विचार केला. वाईट नाय, म्हणाली. कुनाला तरास नाय. पन कोनी पाहुनं बसवून ठेवतं दारात आनि घरचं मानूस येतच नाय, तसं हाय. ताटकळलंय.

आणि झापं डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

६

संध्याकाळी विहंग आणि त्या वाळूवर बसले. आजूबाजूला सूर्यास्त बघायला लोक जमले होते, कोणी गिटार वाजवत होतं, काही पोरं वाळूत उलट्या उड्या मारत होती. इतक्या निवांत जागी असं काही विचारायला त्यांना लाज वाटत होती. तरी त्यांनी विचारलं, तू मला अहो का म्हणतोस रे?

"मी? कधी?" विहंग खरोखरच गोंधळला.

मग पाण्याकडे बघत त्याने सगळं सांगितलं, तुटक तुटक. खाली गेल्यावर भीती वाटली नव्हती. कान गच्च झाले होते आणि हिरवा उजेड होता. मग कोणीतरी मनगट धरलं. म्हणालं, चला, तुमच्या आईंनी बोलावलंय.

"मला वाटलं, तुझ्या देवांपैकी कोणी असेल. तुझ्याकडे एवढे आहेत."

परातीत, चिंचेच्या पाण्यात, तेव्हा सगळे होते.

"ती वाईट नाहीये गं," विहंग म्हणाला. त्याने 'गं' म्हटलं हे ऐकून त्यांच्या छातीत हललं. "घर बघते. तुझ्याबद्दल विचारते. देवघर कुठल्या भिंतीला, उंबरा केवढा, बाबांना चष्मा आहे का. आणि सारखं विचारते, आई कधी येणार. पण मला जड होतं. जमिनीवर असलो की दोघांचं वजन माझ्यावरच. पाण्यात हलकं वाटतं. म्हणून मी आत जातो. रोज थोडं आणखी आत."

"किती आत?"

"आज सकाळी परत फिरायचं विसरलोच होतो," तो म्हणाला. "कोणीतरी हाक मारली म्हणून आलो."

हाक कोणी मारली, हे त्यांनी विचारलं नाही. पडवीत माळ ओढताना त्यांनी त्याला हाक मारली नव्हती.

थोड्या वेळाने त्याने मान त्यांच्याकडे वळवली. चेहरा तोच. अंधुक उजेडात डोळे जरा जास्त ओले.

"अहो आई," तो म्हणाला, "उद्या दिवस चांगला आहे."

द्वादशी होती, हे खरं होतं. ललिताबाईंना नवसाचं जेवढं कळत होतं तेवढं पुरेसं होतं. बोलणाऱ्याने आपलं बोलणं पुरं केलं नाही, तर ज्याच्यासाठी बोललं, त्याच्याच गळ्याशी ते अडकून राहतं. सहा महिने त्यांचं बोलणं त्यांच्या मुलाच्या पाठीवर उभं होतं.

७

सकाळी ओहोटीला त्या अंघोळ करून हिरवी साडी नेसून पाण्याशी गेल्या. आधी त्यांनी सरळ मार्ग धरला. समुद्र हा देवच आहे. ओटी त्याच्याच पदरात घालू, म्हणजे ज्याची त्याला मिळेल. हळदकुंकू वाहिलं, नारळ पाण्यात सोडला. लाटेने तो परत आणून त्यांच्या पावलांशी ठेवला. त्यांनी दुसऱ्यांदा सोडला, जरा पुढे जाऊन. तो पुन्हा आला. फेकल्यासारखा नाही, नको म्हणून हलकेच मागे सारतात, तसा.

"अहो आई, इकडे."

विहंग मागे घोटाभर पाण्यात उभा होता. खांद्यावरचा टॉवेल त्याने पुढे घेतला होता, दोन टोकं दोन हातांत, मान खाली. बायका ओटी घ्यायला पदर पसरतात, अगदी तसा. डावा हात जरा खाली, उजवा वर, म्हणजे तांदूळ सांडत नाहीत. ही गोष्ट पुरुषाला कोणी शिकवत नाही. ललिताबाईही ती चार ओट्या सांडल्यावर, सासूबाईंकडून शिकल्या होत्या.

लाट मागे गेली आणि ओल्या वाळूचा आरसा झाला. त्यात विहंगचं प्रतिबिंब पडलं. विहंग खाली बघत होता. प्रतिबिंब वर बघत होतं. त्यांच्याकडे. त्याच्या कपाळावर ओलं काहीतरी चिकटून होतं, आणि ते हसत होतं. लाजून, जरा अवघडून, दाखवायला बसवलेल्या मुलीसारखं. ललिताबाईंनी एवढंच पाहिलं. दुसरी लाट आली. मग त्यांनी खाली पाहिलं नाही.

पळायला पाय होते. विहंगचा हात धरून ओढत नेता आलं असतं. पण याच हातांना तो मिळाला होता कोणामुळे? वीस मिनिटांत. होड्यांना जमलं नाही ते. जी आली ती बोलावल्यावर आली, आणि सहा महिने भांडी घासत वाट बघत राहिली. आपणच दाराशी उभी करून ठेवली तिला. भीती होतीच, आणि तिच्याच शेजारी हेही होतं, दोन्ही एकदम. डोळ्यांतून पाणी आलं ते कशाचं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

त्यांनी ओंजळीने तांदूळ घातले. पाच वेळा. खण ठेवला, हळकुंड, सुपारी, खारीक. नारळ शेंडी आपल्याकडे करून ठेवला. पाचव्या ओंजळीनंतर टॉवेल खाली ओढला गेला, एवढ्याशा तांदळाला येणार नाही इतक्या वजनाने. विहंगचे दंड थरथरले.

"माझ्या लेकराला तू परत दिलंस," ललिताबाई म्हणाल्या. "तुझे उपकार आहेत. आता त्याला सोड. माझ्याबरोबर चल. घरी चल."

मग विहंगने मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ए आई, काय चाललंय तुझं? लोक बघतायत ना."

त्याने टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. त्यातून नारळ, खण सोडाच, तांदळाचा एक दाणाही पडला नाही. ललिताबाई तिथेच वाळूत बसल्या आणि तोंडाला पदर लावून खूप रडल्या, आणि तो 'आई गं, पुरे, आई गं' म्हणत त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिला. हात हलका होता.

८

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावरची बाई रात्रभर पाय वर घेऊन बसली होती. मध्ये भरपूर जागा होती. पाय खाली सोडून बसा, असं ललिताबाईंनी दोनदा सांगितलंही. ती नको म्हणाली आणि खिडकीकडे बघत राहिली. पनवेलला विहंगचा फोन आला. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, म्हणाला. आणि आज पाण्यात गेलोच नाही, झोपलो मस्त. घरात पसारा झालाय, हसत सांगितलं त्याने. ललिताबाईंनी फोन कपाळाला लावला. एवढं सुख एका वेळी सोसायची त्यांना सवय नव्हती.

नाशिक जवळ आलं तसा त्यांनी नानांना फोन केला. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवा, म्हणाल्या. नवी सून ओलांडते, तसं.

दुपारी दोन वाजता रिक्षा दारात थांबली. नाना परीटघडीचा सदरा घालून उभे होते, डोळ्याला काळा चष्मा, चेहरा आनंदाने फुललेला. ते त्यांच्या मागे बघायला लागले.

"पोराने लग्न केलं की काय? कुठाय सूनबाई?"

ललिताबाईंनी दारातच भाकरीचा तुकडा मागवला. आतून नानांनी आणून दिला, तो त्यांनी आपल्या शेजारच्या मोकळ्या जागेवरून ओवाळला आणि बाहेर टाकला. मग त्या बाजूला सरल्या आणि दार सोडून उभ्या राहिल्या. नाना हसत होते. मग हसायचे थांबले.

माप सावकाश कलंडलं. आतल्या बाजूला. तांदूळ हॉलच्या फरशीवर पसरले, आणि त्यांतले काही दाणे ओलसर होऊन फरशीला चिकटले. मग त्याच्या पुढे आणखी थोडी ओल उमटली. मग त्याच्यापुढे. उजवीकडून एक, डावीकडून एक. सावकाश, नव्या घरात चालावं तशी.

"ललिता," नाना म्हणाले. त्यांनी चष्मा काढला होता. "कोणाला आणलंस?"

हॉलच्या उजव्या अंगाला देवघर होतं. दार उघडं, समई तेवत होती, देव सगळे आपापल्या जागी. घरात आलेली सून आधी तिथे जाऊन वाकते. ओल तिथपर्यंत गेली, क्षणभर थांबली, आणि दाराला लांबून वळसा घालून सरळ स्वयंपाकघराकडे वळली.

ललिताबाईंनी खाली बसून तांदूळ वेचायला घेतले. एकेक दाणा, ओले आणि कोरडे वेगळे.

"नवी आहे हो," त्या म्हणाल्या. "शिकेल हळूहळू."